बार फुसका निघाला तेव्हा

अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उत्तरेला, वाळवंट जिथून सुरू होतं तिथे, एका उघड्या शूटिंग रेंजवर मी शनिवार-रविवार सेफ्टी ऑफिसरचं काम करतो. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी लाल टोपी घालून लोकांवर ओरडायचं, अशी ही विभागणी. ओरडण्यात नवीन काही नसतं. नळी कायम समोरच्या बांधाकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर नाही. ‘सीज फायर’ ऐकलं की बंदूक रिकामी करून, उघडी ठेवून, पिवळ्या रेषेच्या मागे. पुढे कोणी निशाणाचे कागद बदलायला गेलं असेल तर मागे कोणी बंदुकीला हातही लावायचा नाही, साफ करायलासुद्धा नाही.

बाकी वेळ मी फक्त ऐकत असतो. कानावरचे इलेक्ट्रॉनिक मफ मोठा आवाज कापतात आणि बोलणं ऐकू येऊ देतात. काही महिन्यांत कान असा तयार होतो की कुठल्या लेनमध्ये छोटी पॉइंट टू टू चाललीय आणि कुठे मोठी रायफल, हे मान न वळवता कळतं.

त्या दिवशी कानानंच काम केलं. मधल्या लेनमध्ये सत्तरीचे एक आजोबा जुनं अडतीस स्पेशल रिव्हॉल्व्हर घेऊन उभे होते. नेहमीचे, शिस्तीचे. काडतुसं घरी भरलेली, प्लॅस्टिकच्या डबीत ओळीनं लावलेली. त्यांचे बार एका लयीत चालले होते: धाड, धाड, धाड, आणि चौथ्याला ‘फट्’. दिवाळीत ओला लवंगी उडावा तसा. हाताला झटका नाही, समोर कागदावर भोक नाही. आजोबांनी भुवया उंचावल्या आणि सवयीनं पाचव्यासाठी बोट पुन्हा चापाकडे नेलं.

“सीज फायर! थांबा! बोट बाहेर!” मी ओरडलो तो आवाज पार्किंगपर्यंत गेला असेल.

त्या क्षणाला एवढं महत्त्व का, ते सांगतो. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाला गोळी. दारू भरायचीच राहिली, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते, नळीत शिरते आणि तिथेच रुतून बसते. गोळी अर्धवट बाहेर राहिली तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर अडकतं आणि तुम्ही वाचता. पण ती पूर्ण नळीत गेली असेल तर सिलिंडर मजेत फिरतं. पुढचा बार मग बुजलेल्या नळीत होतो. नळी फुगते, कधी फाटते, आणि तिच्या मागे तुमचे हात आणि चेहरा असतो. म्हणून मोठ्या धडाक्यापेक्षा छोट्या आवाजाला मी जास्त घाबरतो.

नळी बांधाकडेच ठेवून आम्ही तीस सेकंद थांबलो. कधी कधी प्रायमर उशिरा पेटतो. हातात उघडलेलं सिलिंडर आणि त्यात धुमसणारं काडतूस, हे कोणालाच नको असतं. मग सिलिंडर उघडून सगळं काढलं. वापरलेल्या पुंगळ्यांपैकी तीन आतून काजळलेल्या, चौथी जवळपास कोरी. बंदूक रिकामी असल्याची दोघांनी खात्री केली, मग नळीच्या तोंडातून पितळी सळई आत सोडली. ती मध्येच टक्कन अडली.

रेंजच्या मागे गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं टेबल आहे. त्यानं नळीत दोन थेंब तेल सोडलं, सळईवर हळू ठोके देत गोळी मागे ढकलली, आणि शिशाचा तो चपटा गोळा टेबलावर पडला. उजेडात धरून नळी पाहिली. फुगवटा नव्हता.

आजोबा म्हणाले, “एक रिकामं गेलं, बाकी ठीकच असणार. मी डबीतली काडतुसं वजन करून पाहतो.”

इथे बहुतेक लोक फसतात. त्यांच्या काडतुसात दारू होती साधारण साडेतीन ग्रेन. ग्रेन म्हणजे जवळपास पासष्ट मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्मा. म्हणजे अख्खं काडतूस पंधरा ग्रॅमचं आणि त्यातली दारू पाव ग्रॅमसुद्धा नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या एकत्र केल्या की पुंगळ्यांच्या वजनातच दोन-चार ग्रेनचा फरक पडतो. त्यात दारूचा हिशेब कुठे लागणार? काटा कितीही भारी असला तरी या कामाला निरुपयोगी.

मी विचारलं, “भरताना मध्ये काही झालं होतं का?”

थोडा वेळ गप्प. मग, “मुलीचा फोन आला होता.”

त्यांचं भरायचं यंत्र हातानं फिरवायचं होतं. दारू पाडायची, तबकडी एक घर पुढे सरकवायची, पुन्हा दारू. मध्येच उठून परत आलेला माणूस एकतर सरकवतो पण पाडत नाही, नाहीतर सरकवायचं विसरून त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पाडतो. परतल्यावर सगळी घरं पुन्हा तपासली नाहीत, तर दोन्ही चुका एकाच डबीत येऊ शकतात. आणि अडतीस स्पेशलची पुंगळी यात वैरीण आहे. हे काडतूस १८९८ सालचं, काळ्या दारूच्या काळातल्या मापाचं. आजची धूरविरहित दारू तिच्या बुडाशी चिमूटभर बसते. दुप्पट पडली तरी वर सांडत नाही. वरून उजेड टाकून आत डोकावल्याशिवाय पत्ता लागत नाही. बंदुका-काडतुसं बनवणाऱ्यांच्या सामी या अमेरिकी उद्योगसंस्थेच्या मापदंडानुसार या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तितके पौंड आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरनं त्याच्या वर किती सोसावं?

“सगळी फोडायची,” गनस्मिथ म्हणाला.

प्लॅस्टिकच्या हातोडीसारखं एक अवजार असतं. काडतूस त्यात अडकवून लाकडावर आपटलं की गोळी झटक्यानं सुटते आणि दारू पोकळीत पडते. डोळ्यांवर चष्मे होतेच. आजोबा आपटत होते, गनस्मिथ प्रत्येकातली दारू काट्यावर टाकत होता. साडेतीन, साडेतीन, थोडं कमी, साडेतीन. मधल्या ओळीतल्या एका काडतुसाला काटा सातावर जाऊन थांबला.

कोणी काही बोललं नाही. आजोबांनी ती पुंगळी उचलली, आत पाहिलं, परत ठेवली. सिलिंडर पुन्हा भरताना ते त्यांनी कधी उचललं असतं कोण जाणे.

त्या टेबलावर मग तासभर गप्पा झाल्या, आणि बंदुकीपेक्षा ते काडतुसं भरत त्या गॅरेजच्या झाल्या. त्यांच्या टेबलावर एका वेळी दोन डबे दारूचे उघडे असत, ते बंद करायचं ठरलं. भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी टॉर्चनं एकेक बघायच्या. दारूचा डबा गॅरेजमधून घरात थंडाव्याला आणायचा, कारण इथल्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टीच होतं. आंबूस वास किंवा तांबूस धूळ दिसली तर ती दारू वापरायची नाही. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच. बरणीत एकत्र ओतलेले प्रायमर ही मी पाहिलेली सगळ्यात मूर्ख साठवण आहे. हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं, अर्थात. चाळीस वर्षं भरत असलेल्या माणसाला मी काय शिकवणार!

जाताना त्यांनी सुटी केलेली दारू आमच्याकडेच ठेवली. पुंगळ्या आणि गोळ्या पिशवीत भरल्या, शिसं लागलेले हात साबणानं धुतले, आणि फोन काढून माझ्यासमोरच मुलीला सांगितलं, की संध्याकाळी सहा ते आठ फोन करू नकोस, मी उचलणार नाही.