लाल टोपण, केशरी टोपण

बीड जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) मुलींना शिकवते. मुली कष्टाळू, पण डोसचं गणित म्हटलं की तोंडं उतरतात. ऑर्डरचा डोस भागिले हातातला डोस, गुणिले मिली. सूत्र कितीही घोकून घेतलं तरी पेपरात भागाकार उलटा. म्हणून यंदा मीच सगळ्यांना मोबाईलवर डोस काढायचं ॲप घ्यायला लावलं. वाटलं, सुटलो एकदाचं.

त्या दिवशी स्किल लॅबमध्ये इन्सुलिन होतं. ऑर्डर 20 युनिट. टेबलावर 40 युनिट प्रति मिलीच्या रिकाम्या बाटल्यांत डिस्टिल्ड वॉटर भरलेलं, आणि सिरिंजा सगळ्या एकाच ट्रेमध्ये. हा माझा आळस. मुलींनी फोन काढले आणि एका सुरात म्हणाल्या, “पॉइंट टू एमएल!” एकीनं मात्र फोन न काढता लाल टोपणाची सिरिंज 20च्या रेघेपर्यंत भरली होती. म्हणजे अर्धा मिली.

“मॅडम, मोबाईल पॉइंट टू दाखवायलाय, हिनं काहून एवढं भरलं?”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही गोंधळले. फोन हातात घेऊन पाहिलं, तर ‘एका मिलीत किती युनिट’ या रकान्यात आधीपासूनच 100 भरलेले. तो रकाना कुणी पाहिलाच नव्हता, मीसुद्धा नाही. ॲपचं गणित चोख, पण बाटली 40ची. तिच्यातून पॉइंट टू दिलं तर पेशंटला 20ऐवजी 8 युनिट मिळणार. उलट 100ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज घेतली, तर 20च्या रेघेला 50 युनिट जातात. शुगर एकदम उतरून जिवावर बेतायचं.

फळ्यावर दोन सिरिंजा काढल्या. लाल टोपण 40च्या बाटलीला, केशरी 100च्या. जोडी बरोबर असली तर ना सूत्र लागतं ना ॲप, सरळ रेघ वाचायची. (पेपरात मात्र सूत्र मांडल्याशिवाय मार्क नाहीत.)

तास सुटला तरी एक मुलगी बाकावरच बसून होती.

“मॅडम, मह्या आज्याला मायच सुई देती. ह्या बारीला मेडिकलवाल्यानं केशरी टोपणाच्या दिल्या. बाटली जुनीच हाय, 40ची.”

“किती युनिट?”

“सकाळी 20.”

व्हरांड्यातून तिला घरी फोन लावायला सांगितलं, स्पीकरवर. आठ दिवस झाले होते. केशरी सिरिंजची 20ची रेघ म्हणजे पॉइंट टू, म्हणजे रोज 20ऐवजी 8च युनिट. आई म्हणाली, “परवा शुगर चारशेच्या वर आलती. आम्ही म्हणलं, म्हाताऱ्यानं चोरून आंबे खाल्ले.” मी बजावलं, मनानं डोस वाढवू नका, आजच लाल टोपणाच्या सिरिंजा आणा आणि पुढची सुई देण्याआधी डॉक्टरांना हे सगळं सांगा.

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, “म्या कवाचं सांगायलोय, आंब्याला शिवलो बी न्हाई!”