बंद मूठ

शाळेच्या घटना-नोंदवहीत माझ्या अक्षरातली नोंद एवढीच आहे: ‘मधल्या सुट्टीत विद्यार्थ्याने हातमोजा काढला, डाव्या हाताच्या तीन बोटांना सौम्य हिमदंश, प्राथमिक उपचार केले, पालकांना फोन केला.’ या नोंदीतला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरीही ती वाचून त्या दिवशी काय घडले हे कोणालाही कळणार नाही. नोंदवहीच्या रकान्यात जे मावले नाही, ते इथे लिहिते आहे.

मी कॅथलिक प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. दुसरीचे वर्ष आमच्याकडे इतर वर्षांसारखे नसते, कारण याच वर्षी मुले पहिल्यांदा कम्युनियन, म्हणजे चर्चच्या वेदीवरची पवित्र भाकर घेण्याचा संस्कार, घेतात. पूर्वी अनेक ठिकाणी त्यासाठी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबवले जाई; १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ते वय सुमारे सातवर आणले, आणि तेव्हापासून हे काम आमच्यासारख्या शिक्षिकांच्या वाट्याला आले. वेदीवरची भाकर ही साध्या भाकरीपेक्षा वेगळी कशी, ती हातात कशी घ्यावी, डावा तळवा वर आणि उजवा त्याखाली कसा धरावा, भाकर तिथेच, फादरांसमोरच कशी खावी, खिशात घालू नये, खाली पडू देऊ नये, हे सारे मी महिनोन् महिने शिकवते. आमच्या शाळेत सगळीच मुले कॅथलिक नाहीत. जी नाहीत त्यांनी रांगेत यावे, पण हात छातीवर आडवे ठेवून फक्त आशीर्वाद घ्यावा, हेही मीच शिकवते. ज्या मुलाविषयी हे लिहिते आहे, तो त्यांपैकी एक.

थंडीतल्या मैदानी खेळाबद्दल बाहेरच्यांची समजूत अशी असते, की शिक्षकांना मुले घसरून पडण्याची काळजी असते. मुले पडतातच, आणि इतके कपडे अंगावर असताना त्यांना फारसे लागतही नाही. आमची खरी काळजी हात ही असते. वीस मिनिटांच्या सुट्टीसाठी चोवीस मुलांना कपडे चढवायला माझी पंधरा मिनिटे जातात, आणि त्यात क्रम चुकला तर सगळे पुन्हा काढावे लागते: आधी बर्फाची पँट, मग बूट, मग पँटची आतली बाही बुटावरून खाली, मग गळ्याची बंद पट्टी (स्कार्फ नाही, कारण तो घसरगुंडीत अडकून गळा आवळू शकतो), मग कोट, टोपी, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, कारण एकदा ते चढले की मुलाला दुसरे काहीही स्वतःच्या हाताने करता येत नाही. चार बोटे एका पिशवीत एकत्र राहतात असे जाड मोजे लागतात. बोटे एकमेकांना ऊब देतात. पालक मात्र वर्षानुवर्षे पाच बोटांचे सुती मोजे पाठवतात, जे दिसायला छान असतात आणि पहिल्या पाच मिनिटांत ओले होतात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते; ओला सुती मोजा घालण्यापेक्षा तो न घातलेला बरा, हे मी दर पालकसभेत सांगते आणि दर पालकसभेत माना डोलावल्या जातात. माझ्या कपाटात जास्तीच्या मोज्यांची एक पेटी असते. ती मी स्वतः भरते.

बाहेर जायचे की नाही हे आमच्याकडे एका आकड्यावर ठरते. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की मुले आत राहतात, कारण त्या थंडीत उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. नियम चांगला आहे. पण तो आकडा वाऱ्यात उघड्या राहिलेल्या चेहऱ्याबद्दल सांगतो, मुठीत बर्फाचा तुकडा धरून ठेवलेल्या हाताबद्दल काही सांगत नाही. त्या दिवशी उणे ९ होते आणि वारा जवळजवळ नव्हता. कार्यालयात कोणी आकडा पाहायलाही गेले नाही.

तारीख होती २ फेब्रुवारी. ख्रिस्तजन्मानंतर चाळीस दिवसांनी बाळ येशूला मंदिरात नेले, त्या प्रसंगाचा हा सण. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. सकाळी सगळी शाळा मिस्साला, म्हणजे भाकर वाटली जाते त्या चर्चमधल्या उपासनेला, गेली होती, प्रत्येक मुलाने हातात पेटती मेणबत्ती धरून काही पावले चालून दाखवली होती, आणि त्याच उत्साहात मुले मधल्या सुट्टीला बाहेर पडली.

मैदानाच्या कुंपणाकडे मुलांनी आठवडाभरापूर्वी एक बर्फाचे घर बांधायला घेतले होते. तेव्हा तापमान शून्याच्या आसपास असल्याने बर्फ ओलसर होता, दाबला की धरत होता. नंतर थंडी वाढली आणि भिंती दगडासारख्या झाल्या. छप्पर घालायचे नाही, भिंत कमरेच्या वर न्यायची नाही, हा आमचा नियम मुलांनी काटेकोरपणे पाळला होता, कारण छप्पर कोसळून मूल आत गाडले जाण्याचा धोका मी त्यांना पुरेशा गंभीरपणे सांगितला होता. त्या दिवशी या घराचे चर्च झाले. दोन ढेकळांवर एक आडवी लादी ठेवून वेदी केली होती. तिच्यावर टोकदार हिमकाड्या मेणबत्त्यांसारख्या रोवल्या होत्या. (हिमकाड्या तोडायला बंदी आहे. हा एक नियम त्यांनी मोडला.) डबक्यावरचा पातळ बर्फ फोडून त्याच्या नाण्याएवढ्या चकत्या एका मुलीने मोज्यावर ओळीने मांडल्या होत्या, आणि ती एकेकाला त्या देत होती.

हे मी सारे नंतर जोडून घेतले. त्या वेळी मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फ हटवणाऱ्या गाडीने लोटलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर चढणाऱ्या चौथीच्या मुलांना खाली उतरवत होते. ड्युटीवर माणसे दोन असतात. दुसऱ्या व्यक्तीने मैदानाच्या मध्यभागी उभे राहावे असे ठरलेले आहे. ती व्यक्ती नेहमीप्रमाणे दाराजवळ उभी होती. हे मी लिहायला नको, पण ते खरे आहे.

घंटा झाली. रांगेत मी मुले मोजते ती टोप्यांवरून, कारण चेहरे झाकलेले असतात. चोवीस टोप्या भरल्या. मग एक मोजा दिसला, दोरीने बाहीला बांधलेला, गुडघ्याजवळ लोंबकळणारा. तो मुलगा रांगेच्या मध्ये उभा होता आणि त्याने दोन्ही हात छातीपाशी धरले होते: उजवा हात मोज्यात, त्यावर डावा उघडा, आणि डाव्याची मूठ घट्ट मिटलेली. मुठीतून पाझरलेले पाणी मनगटावरून ओघळून बाहीच्या काठाशी गोठले होते. करंगळी, तिच्या शेजारचे बोट आणि मधले बोट टोकापर्यंत पांढरी पडली होती, मेणासारखी, आणि मी दाबले तेव्हा त्याला माझे दाबणे कळले नाही.

“मूठ उघड,” मी म्हणाले.

“पडेल,” तो म्हणाला.

आत जाताना पायऱ्यांवर त्याच्याकडून मी तुकड्या-तुकड्याने ऐकले. चकती तोंडात घालायची नव्हती, कारण तो कॅथलिक नाही. हात आडवे ठेवायला तो विसरला होता, आणि देणाऱ्या मुलीने ती त्याच्या तळव्यावर ठेवून टाकली होती. परत द्यायला जावे, तर ती पुढच्याकडे वळली होती. खाली टाकायची नव्हती, खिशात घालायची नव्हती. शिवाय मैदानावरचा बर्फ खायचा नाही, हेही टीचरनी सांगितलेले होते. मग त्याने ती धरून ठेवली. किती वेळ, हे त्याला सांगता आले नाही. माझ्या अंदाजाने दहा मिनिटे तरी नक्की.

हिमदंशाच्या पहिल्या पायरीवर काय करायचे हे मला माहीत आहे आणि त्याबाबत मी कोणाचे ऐकत नाही. हात चोळायचा नाही; बर्फाने चोळण्याचा जुना उपाय तर निव्वळ इजा करणारा आहे. हीटरवर धरायचा नाही, कारण संवेदना गेलेले बोट भाजले तरी कळत नाही. ३७ ते ३९ अंशांचे कोमट पाणी, आपल्या कोपराने तपासलेले, आणि त्यात बोटे लालसर होईपर्यंत हात बुडवून ठेवायचा. मी काचेचा वाडगा भरला. पण मूठ उघडेना. सात वर्षांच्या मुलाची मूठ मोठ्या माणसाला सहज उघडता येते, आणि मी ती उघडणारच होते.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, आणि त्या आठवण्याबद्दलच मी अजून विचार करते आहे. वेदीवरची भाकर चुकून खाली पडून मळली, तर फादर ती पाण्यात घालून पूर्ण विरघळू देतात, आणि मग ते पाणी सॅक्रिस्टीतल्या (वेदीजवळच्या, पूजेचे साहित्य ठेवायच्या खोलीतल्या) एका वेगळ्या कुंडात ओततात, ज्याचा निचरा गटारात न होता थेट जमिनीत होतो. हे मी वर्गात सांगितले होते. मी त्याला विचारले, “भाकर खाली पडली तर फादर काय करतात?”

“पाण्यात ठेवतात,” तो म्हणाला. त्याने वाडग्याकडे पाहिले, मग स्वतःहून हात पाण्यात घातला आणि मूठ उघडली. बर्फाची उरलेली पापडी तळव्यावरून सुटली, क्षणभर पाण्यात तरंगली आणि नाहीशी झाली. तो तिच्याकडे पाहत होता, मी बोटांकडे. चार-पाच मिनिटांनी रंग परतू लागला आणि तो रडायला लागला. संवेदना परतताना मुंग्या आणि कळा येतात. ते रडणे ऐकून मला जेवढे हायसे वाटले तेवढे त्या दिवसात कशानेच वाटले नाही. फोड आले नाहीत. संध्याकाळपर्यंत बोटे थोडी सुजलेली आणि लाल होती, दुसऱ्या दिवशी पूर्ववत.

रडे थांबल्यावर त्याने विचारले, “हे पाणी कुठे टाकणार?” सिंक दोन हातांवर होते. मी कोट चढवला, वाडगा घेऊन बाहेर गेले आणि खिडकीसमोरच्या झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतले. तो खिडकीतून पाहत होता.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत यावर दोन मते झाली आणि दोन्ही माझ्या विरुद्ध होती. मुख्याध्यापकांच्या मते घर पाडावे आणि मैदानावर मिस्साचा खेळ बंद करावा. घर त्याच दिवशी फावड्याने पाडले गेले, आणि जखम खेळातून झाली नसून आमच्या लक्ष न देण्यातून झाली, हे माझे म्हणणे कोणी नोंदवले नाही. धर्मशिक्षण पाहणाऱ्या सहकारी बाईंची हरकत अधिक खोल होती. त्या म्हणाल्या, “तुम्ही त्याला स्पष्ट सांगायला हवे होते की हा बर्फ आहे. मुलीच्या खेळाला तुम्ही संस्काराचा मान दिलात. आता तो काय समजेल?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचे म्हणणे शिकवणीच्या दृष्टीने बरोबर आहे, हे मला तिथे बसल्या बसल्याच कळत होते.

फादरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या दिवशी संत ब्लेझचा सण होता आणि ते दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून मुलांच्या गळ्याला आशीर्वाद देऊन नुकतेच मोकळे झाले होते. त्यांनी मला रुफिनस या प्राचीन चर्च-इतिहासकाराने लिहून ठेवलेली कथा सांगितली. अलेक्झांड्रियाचे बिशप अलेक्झांडर यांनी समुद्रकाठी मुलांना बाप्तिस्म्याचा खेळ खेळताना पाहिले. बिशप झालेला मुलगा होता अथनेशियस, जो पुढे खरोखरच बिशप झाला. चौकशी केल्यावर कळले, की मुलांनी विधी अगदी योग्य रीतीने केला होता, आणि बिशपांनी तो बाप्तिस्मा खरा मानला. कथा ऐकून बरे वाटले, पण घरी जाताना लक्षात आले की ती माझ्या प्रसंगाला लागू पडत नाही. बाप्तिस्मा गरजेच्या वेळी कोणीही देऊ शकतो. भाकरीचे तसे नाही, तिथे याजकच हवा. माझ्या वाडग्यात बर्फच होता. फादरांनाही हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. तरी त्यांनी कथा सांगितली, आणि ‘तुमचे चुकले’ असे ते म्हणाले नाहीत.

मी त्याला ‘हा नुसता बर्फ आहे, टाकून दे’ म्हटले असते, तर कदाचित त्याने टाकलाही असता. पण मग त्याने दहा मिनिटे जे धरून ठेवले होते, त्याला काय म्हणायचे, ते मला सांगता आले नसते. त्या दहा मिनिटांत त्याने माझे एकही सांगणे मोडले नव्हते. चर्चमध्ये डावा तळवा पुढे करून, भाकर तोंडात घालून, दुसऱ्याच क्षणी मागच्याला ढकलणारी मुलेही माझ्याच वर्गात आहेत, आणि मे महिन्यात ती सगळी पांढऱ्या कपड्यांत पहिले कम्युनियन घेतील. हा मुलगा तेव्हाही हात आडवे ठेवून येईल.

मी वर्गात आता एक वाक्य जास्त सांगते: हातात काही आले आणि काय करावे हे कळले नाही, तर खेळ असो की चर्च, मोठ्यांना हाक मारायची. ड्युटीवर मी स्वतः मध्यभागी उभी राहते.

जमीन फूटभर गोठलेली असल्याने ते पाणी मातीत गेलेच नव्हते. बुंध्याशी त्याचा एक पातळ, चकचकीत थर जमला आणि तसाच राहिला. मुलगा रोज सुट्टीत एकदा तिथे जातो, दोन्ही हात मोज्यांत असतात, वाकून पाहतो आणि खेळायला पळतो. परवा त्याने मला विचारले, ते आत कधी जाणार. बर्फ वितळला की, मी म्हणाले. त्याने विचारले, तेव्हा सुट्टी असेल की शाळा. बहुतेक शाळा असेल, असे मी त्याला सांगितले आहे.