सीटीओच्या फोनवरून टीमच्या पाळीपर्यंत

स्टार्टअप लहान असतो तोवर रात्री सर्व्हर बसला की एकच फोन वाजतो, सीटीओचा, म्हणजे तंत्रज्ञान-प्रमुखाचा. नवी मुंबई-ठाण्याकडच्या महापे, ऐरोली, वागळे इस्टेटमधल्या वीस-तीस माणसांच्या कंपन्यांत हे सर्रास दिसतं. ते मोडून ऑन-कॉलची (बिघाडाचा फोन कोणी उचलायचा याची) रीतसर पाळी लावायचं काम मी हाती घेतलं, तेव्हा जे करावं लागलं ते लिहिते.

पहिलं बोलणं इंजिनिअरांशी नको, संस्थापक आणि सेल्सशी हवं. करारात ९९.९ टक्के उपलब्धता लिहिली, तर ३० दिवसांच्या महिन्यात बंद राहायला ४३ मिनिटं मिळतात. आता रात्री तीनचा हिशोब करा. फोन उचलायला पाच मिनिटं, लॅपटॉप उघडून लॉगिन व्हायला दहा, दुखणं ओळखायला पंधरा, मागचं व्हर्जन परत चढवायला दहा. एकाच बिघाडात महिना संपला. ९९.९९ टक्क्यांत तर चार मिनिटं आणि काही सेकंद मिळतात. तिथे माणसाला उठवून उपयोग नाही, यंत्रणेनेच स्वतःला सावरलं पाहिजे आणि त्याचा खर्च वेगळा. हा हिशोब फळ्यावर मांडला की सेल्सची मंडळी करारातले आकडे विचारून लिहू लागतात.

मग अलर्टची, म्हणजे बिघाडाची सूचना देणाऱ्या इशाऱ्यांची, छाटणी. प्रत्येक अलर्टपुढे एकच प्रश्न ठेवला: हा वाजल्यावर माणसाने आत्ता उठून नेमकं काय करायचं? उत्तर नसेल तर तो अलर्ट फोनवरून काढून ईमेलवर टाकायचा. सीपीयू ८० टक्क्यांवर गेला म्हणून कोणाची झोपमोड करू नये. लॉगिन होत नाही, पैसे भरता येत नाहीत, एररचं प्रमाण सलग पाच मिनिटं चढं आहे, यासाठी जरूर करावी. डिस्कचा अलर्ट टक्क्यांवर न लावता वेळेवर लावा: आत्ताच्या वेगाने चार तासांत भरेल, तेव्हा वाजू दे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं वेबसाइटसाठीचं सुरक्षा-सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि आपोआप होणारं नूतनीकरण गुपचूप फसतं, म्हणून २१ दिवस उरले की दिवसाउजेडी सूचना हवी.

दोन बिघाड कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाहीत, आणि ते अस्सल आपल्याकडचे आहेत. एक, ओटीपीचा एसएमएस. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे मजकूर आधी नोंदवायच्या दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेवर) नोंदवलेल्या टेम्प्लेटपेक्षा मजकूर जरा बदलला तरी मेसेज मधेच अडवला जातो. कोणीतरी डिप्लॉयमध्ये, म्हणजे नवा कोड चढवताना, वाक्य ‘सुधारतं’, आपला सर्व्हर हिरवा दिसतो आणि ग्राहक लॉगिनवर अडकतो. त्यासाठी पोचलेल्या ओटीपींचं प्रमाण मोजा, पाठवलेल्यांचं नाही. दुसरं, कार्डावरची आपोआप वर्गणी. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे) नियम कडक झाले. मर्यादेपुढच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो आणि तो ज्या फोनवर येतो तो माणूस कदाचित नोकरी सोडून गेलेला असतो. डोमेन, ईमेल सेवा, मॉनिटरिंग अशा सगळ्या वर्गण्यांची यादी करून तारखा अकाउंट्स विभागाच्या कॅलेंडरवर टाका.

पाळीत किती माणसं हवीत? गूगलमध्ये एका ठिकाणच्या टीमला किमान आठ धरतात. स्टार्टअपला ते परवडत नाही. माझी खालची रेघ चार: प्रत्येकाला महिन्यातून एक आठवडा. चारही नसतील तर रात्री अकरानंतर हमी देऊ नका, आणि करारातही तसंच लिहा. दोन-तीन माणसांच्या जिवावर चोवीस तासांचं वचन दिलं की चांगली माणसं आधी जातात.

पाळी सोमवारी बदलू नये. शनिवार-रविवारचं अर्धवट काम हातात असतं. बुधवारी साडेअकरा बरे, सगळे ऑफिसात पोचलेले असतात. कल्याण-डोंबिवलीहून येणारा माणूस ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभा असतो, तिथे लॅपटॉप उघडणं शक्य नाही. प्रवासाच्या वेळांत जबाबदारी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे (पहिल्याने फोन उचलला नाही तर ज्याचा वाजतो त्याच्याकडे), हे लिहूनच ठेवा. गणपतीची पाळी तर रेल्वेचं आरक्षण उघडायच्या आधी जाहीर व्हायला हवी. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडतं. कोकणातल्या माणसाला त्यानंतर पाळी सांगणं म्हणजे त्याला घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे अडचणीत टाकणं.

फोनची तयारी किरकोळ वाटते, पण पहिल्या आठवड्यात इथेच फसतं. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला अलर्टचं ॲप झोपवतात. ते ऑप्टिमायझेशन बंद करा, ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून त्या ॲपला सूट द्या आणि पाळी सुरू होताना एक चाचणी अलर्ट वाजवून बघा. घरचं इंटरनेट एका कंपनीचं असेल तर सिमकार्ड दुसऱ्या कंपनीचं हवं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. राउटरसाठी छोटा यूपीएस कंपनीने द्यावा, त्यावर घासाघीस करू नये.

बिघाड सुरू असताना दोनच भूमिका: एक दुरुस्त करतो, दुसरा बोलतो. बोलणारा दर अर्ध्या तासाने ग्राहकांना आणि संस्थापकांना कळवतो, नवीन काही नसलं तरी. सीटीओने त्या कॉलवर ‘काय झालं?’ विचारू नये. दुरुस्ती करणारा हात थांबवून उत्तर द्यायला लागतो. मोठ्या पदाचा माणूस गप्प बसला तर कनिष्ठ माणूस निर्णय घेतो, आणि पाळी लावायची ती यासाठीच. नियम एवढाच ठरवून द्या: आधी रोलबॅक, म्हणजे मागचं व्हर्जन परत चढवणं, कारण शोधणं नंतर.

रोलबॅक शक्य असावा म्हणून डेटाबेसचे बदल टप्प्याटप्प्याने करायचे. आधी नवा कॉलम, मग कोड, आणि जुना कॉलम पुढच्या आठवड्यात काढायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साधा ‘क्रिएट इंडेक्स’ (शोध जलद करणारी सूची बनवायचा आदेश) चालला की त्या टेबलावर लिहिणं थांबतं. मोठ्या टेबलावर, लिहिणं न थांबवता सूची बनवणारं ‘कॉन्करंटली’ लावल्याशिवाय कोड रिव्ह्यूत मंजुरी नको.

सुरक्षेचा घोळ असेल तर घड्याळ वेगळं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायचं असतं आणि लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. कळवणार कोण, त्याचं नाव आजच ठरवा. रात्री वकील शोधण्यात सहा तास सहज जातात.

नंतरचा आढावा दोन कामाच्या दिवसांत. त्यात ‘कोणी केलं’ हा प्रश्न नाही, ‘कळायला उशीर का झाला’ हा आहे. त्यातून तीनच कामं निघावीत, प्रत्येकावर नाव आणि तारीख, आणि ती पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात, सर्वांत वर. ती नव्या फीचरखाली दाबली जाऊ न देणं हे सीटीओचंच काम, ते दुसरं कोणी करणार नाही.

पाळीचे पैसे आठवड्याला ठरावीक द्या, फोन वाजो न वाजो, कारण माणूस बांधलेला असतोच. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी, न मागता. सीटीओ यादीत तिसऱ्या क्रमांकावर राहतो आणि कोणी आजारी पडलं तर पाळी स्वतः घेतो.