डग्लसला जायचंय? मग कॅसल डग्लसची खोली रद्द करा

एका नावाच्या घोळात माझा अख्खा दिवस आणि 160 पाउंड गेले, म्हणून तेच आधी सांगते. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस, त्याचा सरदार सर जेम्स डग्लस. या जेम्सचं गाव म्हणजे कॅसल डग्लस नव्हे. त्याचं गाव नुसतं डग्लस, लॅनार्कच्या दक्षिणेला. कॅसल डग्लस तिथून शंभरेक किलोमीटर खाली, गॅलोवेत. त्या शहराला हे नाव अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम डग्लस नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यावरून पडलं. जेम्स त्याच्या साडेचारशे वर्षं आधी, 1330 मध्ये स्पेनमधल्या तेबाच्या लढाईत पडला होता.

मी कॅसल डग्लसला दोन रात्रींची खोली घेऊन बसले होते. जेम्सचं थडगं असलेलं सेंट ब्राइडचं चर्च कुठे, असं विचारल्यावर घरमालकीणबाईंनी नकाशाच पुढे ठेवला. रेल्वे तिथे नाही. बसने जायचं तर डम्फ्रीजवरून बदलत बदलत, आणि वेळा कुठेच जुळेनात. शेवटी टॅक्सी केली. मीटर लावला नाही, पाऊस पाहून आकडा सांगितला, आणि मी घासाघीस न करता बसले. ही चूक करू नका. ग्लासगोहून लॅनार्कला रेल्वे आहे आणि लॅनार्कहून डग्लसला बस. परत मी तशीच आले, थोडक्या पैशांत.

चर्चला पोचले तर दाराला कुलूप. किल्ली गावातच एका बाईंकडे असते, हे मला ठाऊक नव्हतं. त्या बाहेर गेलेल्या. एक तास चाळीस मिनिटं थडग्यांमध्ये भिजत उभी होते. आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा, त्याशिवाय निघूच नका.

त्या तासाभरात जेम्सच्या बापाचा विचार करत होते. विल्यम डग्लस 1296 मध्ये बेरिकच्या किल्ल्यावर इंग्लंडचा राजा एडवर्ड याच्या हाती सापडला, सुटल्यावर इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वॉलेसला जाऊन मिळाला, पुन्हा पकडला गेला आणि लंडनच्या टॉवरमध्येच मेला. जमिनी क्लिफर्ड नावाच्या इंग्रज सरदाराला गेल्या. पोरगा पॅरिसहून परतला, सेंट अँड्र्यूजच्या बिशपाच्या आश्रयाला राहिला, एडवर्डकडे वतन मागितलं, नकार मिळाला. 1306 मध्ये तो रॉबर्ट ब्रूसला जाऊन मिळाला. पुढे पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, डग्लसच्या किल्ल्यातली इंग्रज शिबंदी प्रार्थनेला आली असता त्याने इथेच, या जागी छापा घातला. मग कैदी मारून प्रेतं कोठारातल्या धान्यावर आणि दारूवर टाकली आणि बापाचा किल्ला स्वतः पेटवला. शूर होता, पण हे कृत्य शौर्यात मोजायला माझं मन घेत नाही.

दार उघडलं आणि थंडी विसरले. चर्चचा उरलेला भाग चौदाव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे छाप्यानंतरचा. भिंतीतल्या कोनाड्यात जेम्सची झिजलेली दगडी मूर्ती आहे. ब्रूस मेल्यावर त्याचं हृदय घेऊन निघालेल्या या माणसाचं स्वतःचं हृदयही इथेच, शिशाच्या डबीत, जमिनीत काचेखाली. शेजारच्या एका थडग्यावर डग्लस घराण्यातला पुढचा एक जेम्स, सातवा अर्ल (अर्ल म्हणजे मोठा सरदार), आणि त्याची बायको बिअॅट्रिस, खाली त्यांच्या मुलामुलींच्या छोट्या मूर्ती. त्या मुलांपाशी मी खाली बसूनच राहिले. पंधरा मिनिटं पुरतात असं कुणी सांगेल. ऐकू नका, तास राखून ठेवा. आपल्या सर जेम्सचा औरस मुलगा विल्यम 1333 मध्ये हॅलिडन हिलला मारला गेला, त्याच दिवशी जेम्सचा सावत्र भाऊ आर्चिबाल्डही. पुढे घराणं मोठं झालं ते जेम्सच्या अनौरस मुलाच्या, आर्चिबाल्ड द ग्रिमच्या हाती. तो 1388 मध्ये तिसरा अर्ल झाला.

किल्ल्याकडे जाऊ नका. जेम्सचा त्यानेच जाळला, पुढच्या काळातला वाडा कोळशाच्या खाणीपायी 1938 च्या सुमारास पाडायला घेतला. एक बुरूज उरलाय, तोही जेम्सच्या काळचा नाही.

कॅसल डग्लसजवळचा थ्रीव किल्ला मी आदल्या दिवशी उरकला. आर्चिबाल्ड द ग्रिमने डी नदीतल्या बेटावर बांधलेला हा मनोरा, त्याचा मृत्यूही तिथलाच, 1400 च्या नाताळाच्या सुमारास. चिखलातून चालत काठावर जायचं, घंटा वाजवायची, होडी येते. हिवाळ्यात बंद, नदी फुगली तरी होडी नाही, तेव्हा सकाळी विचारून निघा. कॅसल डग्लसला राहायचं तर याच्यासाठी. जेम्ससाठी मुळीच नाही.

मेलरोजच्या मठात ब्रूसचं हृदय पुरलेलं आहे, पण तेवढ्यासाठी वेगळा दिवस देऊ नका. वाटेत असेल तर उतरा. डग्लसला मात्र सकाळची बस धरा, आणि किल्लीचा फोन विसरू नका.