पाच बाय सात इंच

मे महिन्यात तैलरंगात रंगवलेली कोकमं ऑगस्ट संपत आला तरी बोटाला चिकटतायत. अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग मुळातच सावकाश वाळतो, त्यात मी जवसाचं तेल सढळ हाताने घातलं, आणि वर रत्नागिरीचा पाऊस. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं.

बाकीची अकरा चित्रं स्वयंपाकघरातल्या फडताळात ओळीने उभी आहेत. सगळी पाच बाय सात इंच, हार्डबोर्डवर.

एवढी लहान का, असं घरी येणारं प्रत्येक जण विचारतं. आठवीत असताना बाबांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात नेलं होतं. तिथे कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवत बसले होते. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. एका काकांनी मत्स्यावताराचं गोल पान माझ्या तळहातावर ठेवलं. लाखेचा गुळगुळीत स्पर्श, आणि एवढ्याशा वर्तुळात अख्खा देव. चित्र हातात मावू शकतं, हे त्या दिवशी कळलं आणि आजवर सुटलं नाही.

दुसरं ऋण इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीचं (१८९०–१९६४). बोलोन्यातल्या घरात त्याने त्याच त्या बाटल्या जन्मभर रंगवल्या. काचेची चमक नको म्हणून काही बाटल्यांना तो रंगच फासायचा. आजीच्या चिनी मातीच्या बरणीची चमक मला असाच त्रास द्यायची. शेवटी तिला बाहेरून चुना फासला. आईला वाईट वाटलं, ते मला अजून टोचतं. पण सकाळच्या उन्हात त्या बरणीची सावली जांभळी पडली, आणि माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र त्या सावलीचं आहे.

रंगांच्या जोड्या मात्र मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून आणते. ब्लाउजपिसांच्या चिंध्या तो पिशवीत भरून देतो. मोरपंखीला खेटून विटकरी ठेवायचं धाडस मला स्वतःहून झालं नसतं.

ब्रश अर्ध्या इंचाचा, चपटा. बारीक ब्रश घेतला की मी कोकमाचं देठ कोरत बसते आणि कोकम मरतं. मोठ्या ब्रशने सात-आठ फटकाऱ्यांत ते उभं करावंच लागतं.

त्या कोकमांखाली अजून एक हिरवट सावली हवी आहे. ती आता गणपतीनंतर. तोवर फडताळाचं दार उघडं ठेवलंय, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.