विजेट-डायरी: बारवरचा क्लिक परत मिळाला

मागच्या नोंदीत मोठ्या आनंदानं लिहिलं होतं की विक्रीच्या बारचार्टमधलं ब्रशिंगचं (ओढून महिन्यांचा पट्टा निवडण्याचं) काम संपलं. पॉइंटरडाउनलाच (बटण दाबताच किंवा बोट टेकताच येणारा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची सूचना) एसव्हीजीवर, म्हणजे ज्यात चार्ट काढलाय त्या एलिमेंटवर, सेटपॉइंटरकॅप्चर (पॉइंटरचे पुढचे इव्हेंट त्याच एलिमेंटला देणारी आज्ञा) लावल्यामुळे माउस चार्टच्या बाहेर गेला तरी निवड तुटत नव्हती. दोन दिवसांनी लक्षात आलं की बारवर क्लिक करून महिन्याचा तपशील उघडणं साफ बंद पडलंय. ड्रिलडाउन, म्हणजे असं तपशिलात उतरणं, नसेल तर विक्रीचा डॅशबोर्ड म्हणजे नुसतं चित्र.

तीन संध्याकाळी यात गेल्या. कन्सोलमध्ये एकही एरर नाही. टूलटिपचा थर बारवर पसरला असेल असं वाटून त्यानं क्लिक अडवू नये म्हणून त्याला पॉइंटर-इव्हेंट्स नन केलं, फरक शून्य. रीरेंडरमध्ये (चार्ट पुन्हा काढताना) लिसनर, म्हणजे इव्हेंट ऐकणारी फंक्शनं, गळतायत का तेही तपासलं, तर सगळे जागच्या जागी. शेवटी क्रोमच्या कन्सोलमध्ये मॉनिटरइव्हेंट्स लावून एकेक इव्हेंट बघत बसले. हे साधन हाताशी असू द्याच. ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवणारी खूण) लावला की ड्रॅगचा क्रमच मोडतो, अशा कामाला लॉगच हवा. पॉइंटरडाउनचं टार्गेट (इव्हेंट ज्यावर पडतो तो एलिमेंट) रेक्ट, म्हणजे बारचा आयत, पॉइंटरअपचं (बटण सोडल्यावर येणाऱ्या इव्हेंटचं) एसव्हीजी आणि क्लिकचंही एसव्हीजी!

म्हणजे कॅप्चर ज्या एलिमेंटकडे आहे, त्याच्याकडे पॉइंटरअप जातोच, पण पाठोपाठ येणारा क्लिकही तिकडेच जातो. बारच्या लिसनरपर्यंत तो पोचतच नव्हता.

उपाय सापडला तो दोन ओळींचा. पॉइंटरडाउनला फक्त जागा लक्षात ठेवायची आणि पॉइंटर ४ पिक्सेलपेक्षा जास्त सरकला की मगच कॅप्चर घ्यायचं. बोटासाठी मी १० ठेवलेत, कारण बोट टेकवताना थोडं हलतंच. मार्चच्या बारवर क्लिक केलं आणि तपशिलाचं पॅनल सरकत उघडलं, तेव्हा तेच क्लिक मी उगाचच आणखी पाच-सहा वेळा केलं.

मग दुसरं टोक सुटलं. फेब्रुवारी ते मे निवडून बटण सोडलं की निवड क्षणभर दिसायची आणि पुसली जायची. ड्रॅगनंतरही क्लिक येतोच, तो एसव्हीजीवर पडतो आणि ‘रिकाम्या जागी क्लिक म्हणजे निवड काढा’ हा माझाच नियम चालतो. आता ड्रॅग झाला की एक फ्लॅग (हो-नाहीची खूण) लावते आणि चार्टच्या बाहेरच्या डिव्हवर, कॅप्चर टप्प्यात (इव्हेंट बाहेरून आत उतरताना; वरच्या पॉइंटर कॅप्चरशी याचा संबंध नाही), तो क्लिक अडवते. इथं एक खाच आहे. पॉइंटरकॅन्सल (ब्राउझरनं हालचाल मध्येच रद्द केल्याचा इव्हेंट) आला तर क्लिक येतच नाही, फ्लॅग तसाच राहतो आणि पुढचा खरा क्लिक गिळतो. म्हणून दर पॉइंटरडाउनला फ्लॅग खाली. कीबोर्डवरून आलेल्या क्लिकच्या आधी पॉइंटरडाउन नसतो, पण त्या क्लिकचा डिटेल (किती क्लिक झाले ते सांगणारा आकडा) ० असतो, तेव्हा तसा क्लिक कधीच अडवायचा नाही.

डी-थ्री या चार्टच्या लायब्ररीच्या ड्रॅगमध्ये क्लिकडिस्टन्स (किती हललं तरी क्लिकच मानायचं ते अंतर) याचसाठी आहे. त्याचं मूळ मूल्य ० असतं, त्यामुळे जरा हात हलला तरी क्लिक गिळला जातो. ते वापरत असाल तर मूल्य वाढवाच.

क्लिक सोडून सगळं पॉइंटरअपमध्येच ठरवावं असंही मनात आलं होतं. पण स्क्रीनरीडर बऱ्याचदा फक्त क्लिकच पाठवतो, आणि त्या माणसासाठी बार मुका ठेवणं मला मान्य नाही. क्लिक राहणारच.

पुढचं काम टूलटिपचं ठरलं होतं. पण हे लिहिताना जाणवलं की उंबरठा (ते ४ किंवा १० पिक्सेल), कॅप्चर आणि फ्लॅग हे तिन्ही लेजंड (चार्टची रंगसूची) ओढतानाही लागणार आहेत, कॉलमची रुंदी बदलतानाही. मग आधी यांचं वेगळं मॉड्यूल करते. आत काय चाललंय ते विजेटला कळायलाच नको, त्याच्याकडे दोनच कस्टम इव्हेंट यावेत: ‘बार निवडला’ आणि ‘पट्टा निवडला’. आवराआवर लॉस्टपॉइंटरकॅप्चरमध्ये (कॅप्चर सुटलं की येणाऱ्या इव्हेंटमध्ये) एकाच जागी होईल. फक्त एस्केप दाबून कॅप्चर सोडलं तरी तोच इव्हेंट येतो, म्हणून ‘रद्द’ ही स्थिती आधी नोंदवावी लागेल, नाहीतर अर्धवट पट्टाच फिल्टर म्हणून लागेल. आज रात्री तिथूनच सुरुवात करते. टूलटिप त्यानंतर.