रंगी राम काय बोलतो

पुण्यात आमच्या ऑफिसात परदेशी वाहिन्यांच्या कार्यक्रमांना कॅप्शन लावायचं काम चालतं. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं, अशा प्रेक्षकांसाठी. संवाद तर लिहायचेच, शिवाय दार आपटलं, बाहेरून कुणी हाक मारली, मागे बिगुल वाजला, तेही लिहायचं. ब्रिटिश पद्धतीत मुख्य पात्रांना रंग ठरवून दिलेले असतात: पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा. ओळी जास्तीत जास्त दोन, आणि वाचून होईपर्यंत त्या पडद्यावर टिकल्या पाहिजेत. पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागली की कस लागतो.

माझ्या वाट्याला त्या दिवशी बीबीसीची एक जुनी विनोदी मालिका आली, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. 1974 ते 1981, आठ पर्वं, 56 भाग. फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर कथेची जागा वाचली: देवळाली, 1945. मी देवळाली कॅम्पातली. तोफखान्याच्या सरावाचे आवाज ऐकत शाळेत गेलेली. इंग्रजांच्या काळात देवळालीला मोठा ट्रान्झिट कॅम्प होता, मुंबईहून बोटीत चढायचं ते गोरे सैनिक तिथे येऊन थांबत. हे घरी ऐकलेलं होतं. पण त्या कॅम्पात सैनिकांचं मन रमवायला नाटकं-गाणी करणारी तोफखान्याची एक पार्टी होती, आणि तिच्यात काम केलेल्या जिमी पेरी नावाच्या माणसाने पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर ही मालिका लिहिली, हे मला त्या फाइलमुळे कळलं.

कामात मदत म्हणून ग्राहकाने कॅप्शनची जुनी फाइलही जोडली होती. ती तपासून, वेळा जुळवून नव्या नियमांप्रमाणे करायची. तिच्यात एक गोष्ट सारखी यायला लागली. रंगी राम नावाचा बेअरर, म्हणजे साहेबांच्या दिमतीचा नोकर, दोरीने छताचा पंखा ओढणाऱ्या पंखेवाल्यावर खेकसला की तिथे कॅप्शन: परकीय भाषेत बोलतो. पंखेवाला काही पुटपुटला की तेच. चहावाल्याने मध्ये तोंड घातलं की पुन्हा तेच. हेडफोन नीट लावून मी आवाज वाढवला. मला सगळं कळत होतं. ओढ, बघतोस काय, गप्प बस, अशा अर्थाचं ते खास छावणीतलं हिंदुस्तानी. कॅम्पात कँटीनच्या मागच्या दाराशी लहानपणी जे ऐकलं, त्याच ठेक्याचं. क्रियापद आधी आपटायचं आणि मग बाकीचं, हुकूम देणाऱ्याची ती लकब.

पंखेवाला झालेले बाबर भट्टी आणि चहावाला झालेले दिनो शफीक उपखंडातले, त्यांच्या तोंडी ही भाषा असणार यात नवल नाही. शफीक यांचा जन्म ढाक्याचा. पण रंगी राम? त्याच्या चेहऱ्यावर तपकिरी रंग फासलेला स्पष्ट दिसत होता. कानाजवळ, पागोट्याच्या कडेला तो रंग कातडीसारखा वागत नाही, आणि आम्ही एकेक चौकट थांबवून बघत असल्यामुळे आमच्यापासून लपत नाही. नट गोरा होता हे उघड होतं. तरी ‘त’ आणि ‘ट’ जिथल्या तिथे. इंग्रज माणूस हिंदी बोलला की त्याचा ‘त’ बहुतेक वेळा टाळूकडे सरकतो. याचा दाताशीच होता. मी तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला.

नाव मायकेल बेट्स. जन्म 4 डिसेंबर 1920, झाशी. शिक्षण इंग्लंडात, शेवटी केंब्रिज. दुसऱ्या महायुद्धात गुरखा पलटणीत अधिकारी, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. त्यानंतर रंगभूमी. म्हणजे भाषा या माणसाने भूमिकेसाठी पाठ केलेली नव्हती. जन्मगावची आणि पलटणीची होती.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची आमची सहकारी माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, “ताई, हे मला देऊ नका हं. मी हे करणार नाही.” तिने आवाज ऐकला नव्हता, नुसता चेहरा पाहिला होता. मी म्हटलं, “ऐकून तर बघ, काय बोलतोय.” ती म्हणाली, “तो काहीही बोलू दे. तोंडाला रंग फासून आपली टिंगल करतोय ना? आणि खरा माणूस मागे किटली घेऊन उभा आहे.”

हे तिने बरोबर पाहिलं होतं, आणि मला ते लागलं. त्याच चौकटीत शफीक होते. मराठी प्रेक्षकाला ते नावाने नसतील, पण चेहऱ्याने ठाऊक असतील: ‘माइंड युअर लँग्वेज’मधला अली नदीम, ज्या मालिकेवरून आपल्याकडे ‘जबान संभालके’ झालं. विनोदाची अचूक वेळ साधणारा, गाणारा नट. या मालिकेतही मधूनमधून त्या काळची गाणी ते गातात, आणि प्रत्येक भाग संपताना ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ म्हणायला लागले की सार्जंट मेजर त्यांना ओरडून गप्प करतो. असा नट सेटवर हजर असताना बेअररची मोठी भूमिका रंग लावलेल्या गोऱ्या नटाला का? या भूमिकेला साजेसा आशियाई नट तेव्हा मिळाला नाही, असं लेखकांच्या बाजूने सांगितलं गेलं. मला ते पटत नाही. बीबीसी ही मालिका आता पुन्हा दाखवत नाही, यात हा रंग मोठं कारण आहे, आणि ते कारण खरं आहे.

मग मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे टीम लीड, नियमाच्या बाहेर बोट न ठेवणारे. मी म्हटलं, “सर, हे परकीय नाही. आपल्याला कळतंय. लिहायला नको का?” त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “मूळ कार्यक्रमात याचं इंग्रजी दिलंय का?” नव्हतं दिलेलं. “मग ज्याला ऐकू येतं त्या ब्रिटिश माणसालाही अर्थ कळला नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण अर्थ सांगितला, तर तो वेगळाच कार्यक्रम बघेल. आपण समान ठेवायचं.”

आमच्या धंद्यातलं हे तत्त्व मला मान्य आहे. पण माझं म्हणणं वेगळं होतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळला नसेल, आवाज तर कळला. हा माणूस भराभर, सराईतपणे बोलतोय, पंखेवाला त्याला उलटून बोलतोय, दोघांत एक आपसातला व्यवहार चाललाय जो गोऱ्या साहेबांना समजत नाही. त्या प्रसंगातला विनोद तिथेच आहे. रंगी राम स्वतःला इंग्रजांत मोजतो, ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो, आणि पाठ वळली की पंखेवाल्याशी आपल्या भाषेत भांडतो. ‘परकीय भाषेत बोलतो’ एवढं लिहिलं की हा माणूस नुसता काहीतरी आवाज काढतोय असं वाटतं. शिवाय 1974 मध्ये साउथॉल, लेस्टर, ब्रॅडफर्डमधल्या घरांत टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या लोकांना तर अर्थही कळत असणार. तिथल्या कर्णबधिर आजीला तो का मिळू नये?

सर गप्प राहिले. मग म्हणाले, “अर्थ नाही. पण भाषेचं नाव लिहू, आणि जे ऐकू येतं ते शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे. ग्राहकाला विचारून.” त्यांनी मला प्रश्नपत्र लिहायला बसवलं. सोबत टाइमकोडचा तक्ता, प्रत्येक वाक्य, आणि कोण कोणाला म्हणतो ते.

तो तक्ता करताना बेट्स यांचं काम फार जवळून बघायला मिळालं. प्रत्येक भागाच्या शेवटी रंगी राम कॅमेऱ्याकडे बघून एखादी म्हण सांगतो, तिथे त्यांचा वेग वेगळा आहे. आधी थांबतात, हनुवटी किंचित वर, आणि वाक्य सपाट टाकतात. शेवटच्या शब्दावर जोर देत नाहीत. म्हणून कॅप्शन शब्दाबरोबर काढता येत नाही, चेहऱ्याचं काम संपेपर्यंत ठेवावं लागतं. वाक्य संपल्यावरही डोळे काही क्षण बोलत राहतात.

घरी गेल्यावर त्यांची बाकीची कामं शोधून पाहिली. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मधला (1971) तुरुंगाचा मुख्य रक्षक बार्न्स तेच, हे मला माहीत नव्हतं, सिनेमा आधी पाहिलेला असून. कैद्याला जमिनीवरच्या पांढऱ्या रेषेमागे उभं करणारा, त्याच्या खिशातल्या एकेका वस्तूची कवायतीच्या आवाजात नोंद करवणारा. त्या किंचाळण्यातही शब्द इतके स्वच्छ आहेत की कॅप्शन करणाऱ्याने हात जोडावेत. 1970 च्या ‘पॅटन’मध्ये ते ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी झालेत. हिचकॉकच्या ‘फ्रेन्झी’मध्ये (1972) सार्जंट स्पिअरमन. साहेब ऑफिसात बसून नाश्ता चापतोय, घरी बायकोच्या पाककलेने कसे हाल होतात ते सांगतोय, आणि हे समोर उभे राहून ऐकतायत. तिथे त्यांना जवळजवळ काहीच बोलायचं नाही. ऐकण्यावर तो प्रसंग उभा आहे. रंगमंचावर 1966 च्या लंडनमधल्या ‘लूट’मध्ये इन्स्पेक्टर ट्रस्कॉट त्यांनी केला होता. आणि ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ ही 2010 पर्यंत चाललेली मालिका 1973 मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या तीन मित्रांतला टापटिपीचा, शिस्तीचा ब्लेमायर तेच. दोन पर्वांनंतर आजारपणामुळे त्यांना ती सोडावी लागली. कर्करोग होता.

रंगी राम मात्र त्यांनी 1977 पर्यंत, पाचव्या पर्वापर्यंत केला. 11 जानेवारी 1978 ला ते गेले. वय 57. पुढच्या पर्वांत रंगी रामची भूमिका दुसऱ्या कुणाला दिली नाही.

हे सगळं बघून माझं मत बदललं का, असं दुसऱ्या दिवशी त्या सहकारी मुलीने विचारलं. रंगाबद्दल नाही बदललं. पण एक गोष्ट मी तिला सांगितली. अधिकारी, पोलीस, तुरुंगरक्षक, सेनापती अशी हुकूम सोडणारी माणसं हा नट आयुष्यभर करत आला, आणि त्यात तो अस्सल होता, कारण हुकूम देणं त्याने खऱ्या पलटणीत केलं होतं. रंगी राममध्ये त्याने ऐकलेली दुसरी बाजू होती, हुकूम घेणाऱ्याची. ती त्याने प्रेमाने कानात साठवली होती असं मला त्याच्या उच्चारांवरून वाटतं. ते ऐकणं खरं आणि तो रंग चुकीचा, दोन्ही. ती म्हणाली, “कान खरा असेल ताई, पण मला तो बघवत नाही.” मी तिला आग्रह केला नाही. त्या मालिकेच्या फाइल्स पुढे मीच घेतल्या.

ग्राहकाचं उत्तर आलं. भाषेचं नाव मान्य, रोमन लिपीतले शब्द मान्य, अर्थ नको. बाबर भट्टी आणि दिनो शफीक यांच्या वाक्यांनाही तोच नियम, आणि पंखेवाल्याला जुन्या फाइलमध्ये नसलेला स्वतंत्र रंग. तो रंग मी खास मागितला होता. तो खूप बोलतो, आणि आतापर्यंत त्याचं एकही वाक्य लिहिलं गेलं नव्हतं.

सरांनी आमच्या नियमांच्या पानावर एक ओळ वाढवली: कोणतीही भाषा परकीय म्हणून नोंदवण्याआधी मजल्यावर विचारावं. पुढच्याच आठवड्यात लंडनमधल्या एका दुकानाच्या प्रसंगात गुजराती निघाली, आणि अकाउंट्समधल्या काकांना खाली बोलवावं लागलं.